लग्नाची तारीख आणि म्हातारपणाची भाकरी

निवृत्तिवेतनाचा प्रश्न आपल्या चळवळीत बहुधा रकमेचा प्रश्न म्हणूनच मांडला जातो. किती मिळते, त्याला महागाई भत्ता जोडलेला आहे की नाही, जुनी योजना की नवी, या मुद्द्यांवर मोर्चे निघतात, ठराव होतात. ते योग्यच आहे. परंतु या प्रश्नाला दुसरी एक बाजू आहे आणि तिच्याकडे कामगार संघटनांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. निवृत्तिवेतन कामगाराच्या पश्चात कोणाला मिळावयाचे, हे ठरविताना कायदा त्याच्या श्रमाबरोबरच त्याच्या लग्नाचाही हिशेब पाहतो. लग्न झाले की नाही, केव्हा झाले, कोणाशी झाले, आधीचे मोडले होते का, या प्रश्नांची उत्तरे पंचविशीत लग्न करणाऱ्याच्या बाबतीत सरळ असतात. जो उशिरा लग्न करतो, किंवा उतारवयात दुसऱ्यांदा संसार मांडतो, त्याच्या बाबतीत यांतील प्रत्येक प्रश्नाची गाठ होते. ती गाठ सोडविण्याचे काम त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकोला करावे लागते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात हा प्रश्न विशेष तीव्र होऊ लागला आहे. त्याचे कारण या पट्ट्याच्या घडणीतच आहे. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, १९७० मध्ये येथे नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. या काळात टेल्को, बजाज यांसारख्या कारखान्यांत जो कामगार लागला, त्याला कायम नोकरी मिळाली आणि त्या नोकरीच्या जोरावर त्याचे लग्न वेळेवर झाले. ती पिढी आज म्हातारी झाली आहे. तिच्यातील कित्येकांचे जोडीदार गेले आहेत, मुले परगावी किंवा परदेशी आहेत, आणि साठी-पासष्टीच्या वयात सोबतीसाठी लग्न करावे असे काहींना वाटू लागले आहे. त्यात वावगे काहीच नाही.

चाकणची पिढी वेगळी आहे. खेड तालुक्यातील या वसाहतीत गेल्या दोन-अडीच दशकांत मोटारींचे मोठे कारखाने आले, त्यांच्यामागे सुट्या भागांचे शेकडो लहान कारखाने आले. पण त्यांच्याबरोबर कायम नोकरी आली नाही. कंत्राटी कामगार, प्रशिक्षणार्थी, मधल्या काळात ‘नीम’च्या नावाखाली भरलेले शिकाऊ, अशा नावांनी काम करणारा तरुण मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-अहिल्यानगरच्या कोरडवाहू गावांतून येतो आणि एका खोलीत चौघे-पाच जण मिळून राहतो. गावाकडे स्थळ पाहावयास गेले की मुलीच्या बापाचा पहिला प्रश्न असतो, ‘मुलगा पर्मनंट आहे का?’ त्याचे उत्तर नकारार्थी असल्यामुळे बत्तिशी-पस्तिशी उलटते. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. वर्तमानपत्रांनी त्याची मौज केली. वस्तुतः तो मोर्चा स्त्री-पुरुष प्रमाणाइतकाच रोजगाराच्या अस्थैर्याचाही होता. या तरुणांचे उशिराचे लग्न हा त्यांच्या आवडीनिवडीचा भाग नाही. ती कंत्राटी पद्धतीने लादलेली गोष्ट आहे. त्या लादलेल्या विलंबाची किंमत निवृत्तिवेतनाच्या वेळी पुन्हा त्यांच्याकडूनच वसूल केली जाते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

खासगी कारखान्यातील कामगाराला लागू होणारी योजना म्हणजे कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५. १९७१ पासून चालू असलेल्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेची जागा तिने १६ नोव्हेंबर १९९५ रोजी घेतली. मालकाच्या हिश्श्यातून पगाराच्या ८.३३ टक्के आणि सरकारकडून १.१६ टक्के, असा तिचा निधी उभा राहतो. १ सप्टेंबर २०१४ पासून यासाठीची पगाराची कमाल मर्यादा १५,००० रुपये झाली. म्हणजे मालकाच्या हिश्श्यातून कामगारामागे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये निधीत जातात. निदान दहा वर्षांची सेवा असेल तर ५८व्या वर्षी निवृत्तिवेतन सुरू होते. पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०, असे त्याचे साधे सूत्र आहे.

या सूत्रात चाकणचा कंत्राटी कामगार घालून पाहू. २०१४ नंतर त्याची मोडतोड होत होत कशीबशी दहा वर्षे भरली आणि पगार मर्यादेइतका धरला, तर १५,००० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे महिना २,१४३ रुपये. निवृत्तिवेतन सुरू झाल्यानंतर तो वारला, तर विधवेला त्याच्या निम्मे, म्हणजे १,०७१ रुपये. मुलाला विधवेच्या रकमेच्या पाव हिस्सा, म्हणजे २६८ रुपये, आणि तेही वयाच्या २५ वर्षांपर्यंत, एका वेळी दोन मुलांपुरते. ज्याचे लग्न चोविसाव्या वर्षी झाले, त्याची मुले तो ५८ वर्षांचा होईपर्यंत मिळवती झालेली असतात. ज्याचे लग्न छत्तिसाव्या वर्षी झाले आणि मूल अडतिसाव्या वर्षी, त्याचे मूल त्या वेळी वीस वर्षांचे, ऐन शिक्षणात असते. चाळिशी ओलांडून लग्न करणाऱ्याचे मूल शाळेत असते. बाप जिवंत असताना लहान मुलांसाठी निवृत्तिवेतनात एक पैशाचीही वाढ नाही. म्हणजे उशिरा लग्न झालेल्याच्या घरी खर्चाचा डोंगर आणि उत्पन्नाचा तळ यांची गाठ एकाच वेळी पडते. सूत्र दोघांना सारखेच लागू होते, पण परिणाम सारखा होत नाही.

याहून कडू विनोद लग्नाच्या खर्चाचा आहे. कंत्राट संपले, नवे काम मिळावयाचे आहे, गावाकडे लग्न ठरले आहे, अशा वेळी कामगार पी.एफ. काढतो, आणि त्याबरोबर फॉर्म १०-सी भरून निवृत्तिवेतनाचीही रक्कम काढून घेतो. दहा वर्षांपेक्षा कमी सेवा असेल तर नियम त्याला तशी मुभा देतो. हातात काही हजार रुपये येतात, मांडव सजतो, आणि तोपर्यंतची सारी सेवा पुसली जाते. पुढच्या कंत्राटदाराकडे त्याची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. रक्कम काढण्याऐवजी सेवेचा दाखला, म्हणजे स्कीम सर्टिफिकेट, घेतला असता तर ती वर्षे पुढे जोडली गेली असती. पण हे त्याला सांगणारे कोणी नसते. ज्या लग्नासाठी हे पैसे काढले, त्या लग्नाने घरात आलेल्या स्त्रीच्याच म्हातारपणाची तरतूद त्याने खर्ची घातलेली असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ही रक्कम काढण्यापूर्वीचा थांबण्याचा काळ दोन महिन्यांवरून छत्तीस महिने करण्याचे ठरविले. सेवा जपली जावी हा त्यामागील हेतू योग्य आहे. परंतु बेकार माणसाला छत्तीस महिने थांबा असे सांगताना त्या काळात त्याने काय खावे, याचे उत्तर मंडळाने दिलेले नाही. कामाची अखंडता कागदावर सक्तीने आणता येत नाही. ती कारखान्यात आणावी लागते.

आता कागदपत्रांचा प्रश्न पाहू. अविवाहित कामगार नोकरीला लागताना फॉर्म २ मध्ये नॉमिनी म्हणून आईचे किंवा भावाचे नाव लिहितो. पुढे दहा-बारा वर्षांनी लग्न होते आणि तो फॉर्म तसाच राहतो. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत पुरुष सभासदाच्या कुटुंबात बायको-मुलांबरोबर त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही येतात. निवृत्तिवेतनाच्या योजनेत मात्र कुटुंब म्हणजे पती किंवा पत्नी आणि मुले, एवढेच. आई अवलंबून असेल तर निधीचे नामनिर्देशन टिकू शकते; निवृत्तिवेतन मात्र पत्नीकडे जाते. भावाचे नाव ‘मला कुटुंब नाही’ असे लिहून घातले असेल, तर लग्न होताच ते रद्द समजले जाते. कायद्याच्या दृष्टीने हे स्पष्ट आहे. घराच्या दृष्टीने तसे नाही. कामगार अपघातात गेला, की एका बाजूला चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली सून आणि दुसऱ्या बाजूला ज्याचे नाव कागदावर आहे तो दीर, असे दोन पक्ष उभे राहतात. नोकरीत असताना मृत्यू झाल्यास एका महिन्याचा हप्ता भरलेला असला तरी विधवेला निवृत्तिवेतनाचा हक्क पोचतो. पण हे ठाऊक नसल्याने अर्जच केला जात नाही, असे घडू शकते. लग्न उशिरा झाल्यामुळे कंपनीच्या दप्तरात ती अस्तित्वातच नसते.

उतारवयातील लग्नाकडे वळले की दोन वेगळे प्रश्न समोर येतात. पहिला, निवृत्तीनंतर लग्न केलेल्या पत्नीला किंवा पतीला हक्क आहे की नाही. दुसरा, जी विधवा पहिल्या पतीचे निवृत्तिवेतन घेत आहे, तिने पुन्हा लग्न केल्यास काय होते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच दिलेले आहे. केंद्र सरकारच्या १९७२ च्या निवृत्तिवेतन नियमांतील नियम ५४ मध्ये कुटुंबाची व्याख्या अशी होती, की सरकारी नोकराने निवृत्तीनंतर लग्न केले तर ती पत्नी आणि निवृत्तीनंतर झालेले मूल कुटुंबात धरले जात नसे. भगवंती विरुद्ध भारत सरकार या खटल्यात दोन विधवांनी याला आव्हान दिले. त्यांपैकी एकीच्या पतीने लष्करातून निवृत्त झाल्यावर लग्न केले होते. न्यायालयाने ही अट मनमानी ठरविली. निवृत्तिवेतन हे पूर्वीच्या सेवेपोटी मिळते. सेवा तीच आहे, मग लग्न निवृत्तीच्या आधी झाले की नंतर याचा त्याच्याशी संबंध काय, असा त्या निकालाचा रोख होता. १९८२ च्या नकारा खटल्यात निवृत्तिवेतन ही सरकारची खैरात नसून केलेल्या सेवेतून आलेला हक्क आहे, असे जे तत्त्व मांडले गेले, त्याचाच हा पुढचा टप्पा म्हणता येईल. त्यानंतर केंद्राच्या नियमांनी निवृत्तीनंतरच्या पत्नीला मान्यता दिली. आपल्या पट्ट्यापुरते बोलावयाचे तर देहूरोड आणि खडकीच्या आयुध निर्माण्यांतून जुन्या योजनेखाली निवृत्त झालेल्या कामगाराने पासष्टाव्या वर्षी केलेले लग्नही त्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क देते.

जिंकलेला हक्क कायमचा आपला होतो, असे मात्र नाही. केंद्र सरकारने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजना सुरू केली. जानेवारी २०२५ च्या तिच्या अधिसूचनेत निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास जोडीदाराला ६० टक्के रकमेची हमी आहे, परंतु जोडीदार म्हणजे सेवानिवृत्तीच्या तारखेला कायदेशीर विवाह झालेला जोडीदार, असे कंसात नमूद केलेले आहे. १९८९ मध्ये न्यायालयाने जी अट दारातून बाहेर घालविली, तीच २०२५ मध्ये कंसाच्या खिडकीतून आत आली आहे. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांनी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संप केला, तेव्हा चर्चा टक्केवारीची झाली. आजही नव्या योजनांची चर्चा ५० टक्के, ६० टक्के या आकड्यांभोवतीच फिरते. कंसातला मजकूर वाचण्याची सवय आपल्या संघटनांनी लावून घेतली पाहिजे. कारण सरकारे जे मोठ्या अक्षरांत देतात, ते पुष्कळदा कंसात परत घेतात.

व्याख्या अरुंद ठेवण्याकडे न्यायालयांचाही कल कसा असू शकतो, याचे उदाहरण नागपूरचे आहे. तेथील राष्ट्रीय नमुना पाहणी संघटनेच्या कार्यालयातून १९९३ मध्ये निवृत्त झालेला एक अधिकारी १९९४ मध्ये वारला. १९९६ मध्ये त्याच्या विधवेने मुलगा दत्तक घेतला आणि १९९८ मध्ये तिने एका विधुराशी पुन्हा लग्न केले. दत्तक मुलाने कुटुंब निवृत्तिवेतन मागितले. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची मागणी फेटाळली. सरकारी नोकराने स्वतः हयातीत घेतलेले दत्तक आणि त्याच्या मागे विधवेने घेतलेले दत्तक यांत न्यायालयाने भेद केला. निकाल नियमाच्या शब्दांना धरून आहे. तथापि त्यातून हेही दिसते की विधवेचे पुढचे आयुष्य, तिचे दत्तक, तिचे दुसरे लग्न, यांना निवृत्तिवेतनाच्या व्यवस्थेत जागा मिळविणे किती कठीण आहे.

दुसरा प्रश्न विधवेच्या पुनर्विवाहाचा. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत याचे उत्तर एका ओळीचे आहे: विधवेचे निवृत्तिवेतन तिच्या मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत. पुनर्विवाह आणि मृत्यू यांना एका वाक्यात, एका तराजूत बसविणारी ही भाषा कोठून आली? १८५६ च्या विधवापुनर्विवाहाच्या कायद्याने विधवेला लग्नाची मुभा दिली. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने असे सांगितले की पुनर्विवाह करताच पहिल्या पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क, जणू ती मेली आहे असे समजून, संपुष्टात येईल. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये एका बालविधवेशी लग्न केले, तेव्हा समाजाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पण त्या काळी विधवेच्या मिळकतीच्या बाबतीत कायदाही समाजाहून फारसा उदार नव्हता. १८५६ चा तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. हिंदू वारसा कायद्यात काही विधवांना पुनर्विवाहामुळे वारसाहक्क नाकारणारे जे कलम २४ होते, तेही २००५ च्या दुरुस्तीने गेले. मिळकतीच्या कायद्याने जी अट टाकून दिली, ती निवृत्तिवेतनाच्या योजनेने मात्र जपून ठेवली आहे. ज्याच्या मागे वाडा आणि शेत राहिले त्याची विधवा पुनर्विवाह करूनही वारस राहते. ज्याच्या मागे केवळ महिना हजार रुपयांचे निवृत्तिवेतन राहिले त्याची विधवा मात्र तेवढ्यालाही मुकते. वर्गभेद याहून स्पष्ट कसा असावा?

केंद्राच्या सरकारी नियमांत याबाबत काही सुधारणा झाली आहे. अपत्यहीन विधवेने पुनर्विवाह केला तरी, तिचे इतर उत्पन्न किमान कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा कमी असेपर्यंत, तिला ते मिळत राहते. सातव्या वेतन आयोगानंतर हे किमान कुटुंब निवृत्तिवेतन ९,००० रुपये झाले, त्यावर महागाई भत्ता वेगळा. कारखान्यातील विधवेचे किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरले, त्याला महागाई भत्ता नाही, आणि पुनर्विवाहाबरोबर तेही बंद. एकाच चाळीत राहणाऱ्या दोन विधवा, एकीचा पती आयुध निर्माणीत होता, दुसरीचा भोसरीच्या कारखान्यात. दोघींनी लग्न केले तर कायदा दोघींना दोन निराळे न्याय लावतो. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला मिळणारे अर्थसाह्य २०२३ मध्ये दीड हजार झाले. म्हणजे आयुष्यभर हप्ते भरलेल्या कामगाराच्या विधवेचा किमान हक्क निराधारांच्या मदतीपेक्षाही कमी.

याचा परिणाम काय होतो? पुण्यात ज्येष्ठ नागरिकांच्या सहजीवनासाठी माधव दामले यांच्या पुढाकाराने जे काम उभे राहिले, त्यातून एक गोष्ट लोकांसमोर आली: कित्येक ज्येष्ठ स्त्रिया सोबत स्वीकारतात, पण लग्न टाळतात, कारण लग्न केले तर पहिल्या पतीचे कुटुंब निवृत्तिवेतन जाईल. प्रौढ माणसांनी लग्नावाचून एकत्र राहावे की नाही, हा त्यांचा प्रश्न आहे आणि त्यात कोणी नाक खुपसण्याचे कारण नाही. परंतु ज्यांना लग्न करावयाचे आहे त्यांनी केवळ भाकरीच्या भीतीने ते करू नये, अशी व्यवस्था सरकारने निर्माण करावी, हे विपरीत आहे. शिवाय अशा स्त्रीला दुसऱ्या जोडीदाराच्या मागे त्याच्या निवृत्तिवेतनातले काहीच मिळत नाही. तिने पहिला हक्क राखला, दुसरा गमावला. लग्न केले असते तर दुसरा मिळाला असता, पहिला गेला असता. दोन पुरुषांच्या श्रमाला तिने घर दिले, पण दोन्ही हक्कांच्या मध्ये ती नेहमी अर्धवटच उभी.

येथे गावाकडच्या रूढीचाही विचार केला पाहिजे. आपल्या अनेक जातींत काडीमोड आणि पाट यांची परंपरा जुनी आहे, आणि ती स्त्रीच्या दृष्टीने पुष्कळदा वरिष्ठ जातींच्या रूढीपेक्षा माणुसकीची होती. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीप्रमाणे होणारा घटस्फोट राखूनही ठेवला आहे. अडचण अशी, की ती रूढी आपल्या समाजात आहे हे न्यायालयात सिद्ध करावे लागते. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहिलेली सोडचिठ्ठी पुरेशी आहे असे समजून कामगार दुसरे लग्न करतो, पंधरा वर्षे संसार होतो, आणि त्याच्या मृत्यूनंतर ते लग्न मुळातच रद्दबातल ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये रामेश्वरी देवी खटल्यात, पहिले लग्न अस्तित्वात असताना केलेल्या दुसऱ्या लग्नातील पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन नाकारले. मुलांचा हक्क मात्र मान्य केला. पहिल्या पत्नीला वाऱ्यावर सोडणाऱ्या नवऱ्याला कायद्याने पाठीशी घालावे असे मी म्हणणार नाही. पण ज्यांचे पहिले नाते दोन्ही घरांच्या संमतीने खरोखर तुटलेले होते, त्यांच्यासाठी कुटुंब न्यायालयाचा हुकूम मिळविणे स्वस्त आणि सुलभ करणे, हे काम कोणाचे?

आता या मागणीवरील आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप निधीचा: निवृत्तीनंतरच्या लग्नांना मान्यता दिली, तर मरणाच्या दारातील म्हातारे तरुण स्त्रियांशी लग्न करतील आणि निधी अर्धशतक निवृत्तिवेतन देत बसेल. हा आक्षेप काल्पनिक नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातील एका सैनिकाने १९२४ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, वयाने फार लहान असलेल्या स्त्रीशी लग्न केले; त्यांची १९३० मध्ये जन्मलेली मुलगी आयरीन ट्रिपलेट २०२० मध्ये वारली, तोपर्यंत त्या युद्धाचे निवृत्तिवेतन घेत होती. १८६५ मध्ये संपलेल्या युद्धाचा खर्च दीडशे वर्षांनंतरही चालू होता. परंतु ती रक्कम किती होती? महिना ७३ डॉलर १३ सेंट. एवढ्याने अमेरिकेची तिजोरी रिकामी झाली नाही. आणि अशा लग्नांवर उपाय म्हणून सरसकट बंदीच हवी, असेही नाही. आज अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेत मृत्यूपूर्वी सामान्यतः नऊ महिने विवाह झालेला असणे पुरते; आणि साठाव्या वर्षानंतर पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या खात्यावरील हक्क जात नाही. जर्मनीत २००२ पासून एक वर्षाची अट आहे, आणि लग्न केवळ निवृत्तिवेतनासाठी झालेले नाही हे दाखविले तर तीही आड येत नाही. भांडवली देशांना जे परवडते, ते आपल्या कामगारांच्या निधीला परवडू नये?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला याहून महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हप्त्याचा आहे. अविवाहित कामगारामागे निधीत जाणारे १,२५० रुपये आणि विवाहितामागे जाणारे १,२५० रुपये यांत फरक नाही. दहा वर्षांत दोघांमागे दीड लाख रुपयेच जमा होतात. विधवेच्या आणि मुलांच्या तरतुदीची किंमत त्या हप्त्यातच धरलेली आहे. म्हणजे जो उशिरा लग्न करतो, तो लग्नाआधीची सारी वर्षे, ज्या कुटुंबाला काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता त्या कुटुंबाच्या विम्यापोटीही भरत होता. त्याचे कुटुंब अखेर आले, तेव्हा ‘तू उशीर केलास’ असे निधीने म्हणणे हा विम्याचा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप असा, की पुनर्विवाहाने विधवेला नवा आधार मिळतो, मग जुना कशाला? निराधारांच्या मदतीच्या बाबतीत हा युक्तिवाद काही अंशी मान्य करता येईल, कारण ती गरजेवर आधारलेली आहे. तेथेही कसोटी लग्नाची नसून उत्पन्नाची असावी. पण हप्त्यांतून उभे राहिलेले निवृत्तिवेतन हे लांबणीवर टाकलेले वेतन आहे. नवा नवरा मिळाला म्हणून पहिल्या नवऱ्याने केलेली रात्रपाळी रद्द होत नाही. शिवाय स्त्रीचा आधार म्हणजे कोणी ना कोणी पुरुष, हे गृहीतकच आपल्याला मान्य नाही. तिनेही स्वयंपाकघरात, शेतात, शिवणयंत्रावर जे श्रम केले, त्यांवर तो कामगार दुसऱ्या दिवशी पाळीला जाऊ शकत होता.

१९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली आहे. तिच्याखाली जुन्या योजनांची फेरमांडणी व्हावयाची आहे. हीच वेळ बोलण्याची आहे. योजना एकदा छापून आली की पुढची वीस-पंचवीस वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आपल्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट असाव्यात. विधवेचे किंवा विधुराचे निवृत्तिवेतन पुनर्विवाहाने बंद होऊ नये. निवृत्तीनंतर विवाह केलेल्या जोडीदाराला प्रत्येक सार्वजनिक योजनेत हक्क असावा. एकीकृत योजनेतील कंस काढून टाकावा. फार तर एक वर्षाच्या विवाहाची अट असावी. किमान रक्कम जगता येईल एवढी व्हावी आणि तिला महागाईची जोड मिळावी. कंत्राटदार बदलला तरी सेवा तुटू नये, याची जबाबदारी मूळ मालकावर असावी.

सरकारकडे मागण्या करीत असतानाच आपल्या हातात असलेले काम मागे राहता कामा नये. कामगाराचे लग्न ठरले की आहेराबरोबर त्याच्या हाती तीन गोष्टी पडल्या पाहिजेत: महानगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरातील विवाहनोंदणीचा दाखला, बदललेले नामनिर्देशन, आणि आधीच्या सर्व कंत्राटदारांकडील सेवा एका खात्यात जोडल्याची खात्री. पहिले लग्न मोडलेले असेल, तर न्यायालयाचा हुकूम आल्याखेरीज दुसऱ्याची तारीख धरू नये, हेही त्याला सांगावे. निवृत्तीनंतर लग्न करणाऱ्याने निवृत्तिवेतन कार्यालयाकडे नव्या जोडीदाराची लेखी नोंद हयातीतच करून पोच घ्यावी. आकुर्डी, भोसरी, चाकण, महाळुंगे येथील प्रत्येक शाखेने महिन्यातला एक रविवार या कामाला दिला, तरी पुष्कळ होईल. अशा कामाला प्रसिद्धी मिळत नाही. पण कामगार गेल्यावर त्याच्या बायकोच्या हाती जो कागद असतो, त्यावरच तिचे पुढचे दिवस ठरतात. आणि तो कागद कामगार जिवंत असतानाच तयार करावा लागतो.